हत्ती गेला, शेपूट राहिलं: काम नक्की किती झालंय आणि संपणार कधी, हे मोजायचं कसं

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. देवगड तालुक्यात आमचं जुनं मातीचं घर होतं, एका पावसात मागची भिंत बसली तेव्हा बाबा म्हणाले बस झालं, आता चिऱ्याचं बांधूया. मी नोकरीला मुंबईत, आणि गंमत बघा, माझं कामच हे आहे, दुसऱ्यांच्या प्रोजेक्टचं शेड्युल बनवायचं, कुठे उशीर होतोय ते शोधायचं आणि मीटिंगमध्ये रंगीत चार्ट दाखवायचे. तरी स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा सुरुवातीला मी पण दर रविवारी फोन करून तोच येडा प्रश्न विचारत होतो, "मेस्त्रीकाका, किती झालं?" आणि पलीकडून ठरलेलं उत्तर, "नव्वद टक्के झाला रे झिला. आता रवला काय, नुसतो स्लॅब आणि वरचा." नुसतो स्लॅब आणि वरचा! म्हणजे घराला डोकंच नाही अजून, पण नव्वद टक्के.

मेस्त्री खोटं बोलत नव्हते हं. त्यांच्या डोक्यात अंगमेहनतीचं अवघड काम उरकलं होतं, म्हणून नव्वद. सॉफ्टवेअरवाल्यांकडे पण हीच गोष्ट आहे, बेल लॅब्जमधल्या टॉम कारगिलचा एक जोक फेमस आहे, पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना उरलेला नव्वद टक्के. आपल्याकडे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तेच. तर "किती टक्के झालं" हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याचं उत्तर समोरच्याच्या मूडवर असतं. मग विचारायचं काय, आणि त्या उत्तरावरून शेवटची तारीख कशी काढायची, तेवढंच या लेखात सांगतोय, आमच्या घराचे आकडे घेऊन.

आधी मोजणी. भिंती चढत होत्या तेव्हा मी काकीच्या मुलीला कामाला लावलं. दर रविवारी फणसाखाली त्याच जागी उभं राहून एक फोटो आणि अंगणात रचलेल्या चिऱ्यांपैकी आठवड्यात किती लागले तो आकडा, बस एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर. चिरा ही मोजायला एक नंबर वस्तू आहे, बसला तर बसला, नाही तर अंगणात आहे, अर्धा बसलेला चिरा असा काही प्रकार नसतो. एकूण लागणार होते २६०० चिरे. चार आठवड्यांचे आकडे आले ४२०, ३९०, १६० आणि ४००. तिसऱ्या आठवड्यात काय झालं? गावची जत्रा. रात्रभर दशावतार बघून दुसऱ्या दिवशी गवंडी कामावर कसला येतोय, आणि आला तरी ओळंबा धरायला हात स्थिर नको?

आता बघा, चार आठवड्यांत १३७० लागले, राहिले १२३०. मेस्त्री म्हणाले तीन आठवडे. त्यांचा हिशोब पण बरोबरच, चांगल्या आठवड्यात ४२० लागतात, १२३० ला भागा, तीन आठवडे. पण चारही आठवड्यांची सरासरी काढली तर ३४२ येते आणि मग साडेतीनच्या वर जातं. लोक इथेच फसतात, जत्रेचा आठवडा "तो काय धरायचा, तो स्पेशल होता" म्हणून काढून टाकतात. अरे पण पुढे आणखी कोणाचं लग्न आहे, कोणाचं बारावं आहे, चिऱ्याची गाडी बंद पडणार आहे, कोणता आठवडा स्पेशल नसतो कोकणात? वाईट आठवडा सरासरीत ठेवायचाच. त्याचं नाव माहीत नसतं पण तो परत येतो एवढं नक्की.

आणि मग आईने सांगितलं पडवी जरा वाढवा, पुढे झोपाळा बसला पाहिजे. जरा म्हणजे ३०० चिरे. राहिले १५३०, म्हणजे साडेचार आठवडे. ऑफिसात याला स्कोप वाढणं म्हणतात आणि त्यावर मोठमोठी भांडणं होतात. नुसतं "राहिलं किती" याचा ग्राफ काढला ना, तर पडवी वाढली त्या आठवड्यात असं दिसतं की गवंड्यांनी काहीच केलं नाही, बिचारे घाम गाळत असताना. म्हणून दोन रेषा काढायच्या, एक एकूण कामाची आणि एक झालेल्या कामाची. पहिली रेष वर उडी मारते तेव्हा समजायचं आई बोलली, दुसरी सपाट होते तेव्हा समजायचं जत्रा आहे. टीमवाले पहिल्या प्रकाराला बर्न-डाऊन आणि दोन रेषांवाल्याला बर्न-अप म्हणतात, नावं जाऊदे. प्रत्यक्षात भिंतींना त्यानंतर पाच आठवडे लागले. मेस्त्रींच्या तीनपेक्षा माझ्या साडेचारला जवळ.

पण घर म्हणजे नुसते चिरे नाहीत ना. पाया, स्लॅब, वायरिंग, फरशी, सगळं एका मापाने कसं मोजणार? चिरा आणि फरशी यांची बेरीज कशी करायची? यावर एक जुना उपाय आहे, सगळ्याची किंमत लावायची आणि रुपयात मोजायचं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटदारांना हा हिशोब सक्तीचा केला, कारण विमानं-क्षेपणास्त्रांची कंत्राटं पैसे खात होती आणि काम कुठवर आलंय ते कळतच नव्हतं. त्याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे कमावलेली किंमत. यात तीन आकडे असतात आणि तिघांची गल्लत झाली की संपलं.

आमचा प्लॅन असा होता. १ नोव्हेंबरला सुरुवात, मे अखेर पूर्ण, सात महिने, २० लाख. नोव्हेंबरमध्ये पाया आणि जोतं, २ लाख. डिसेंबरमध्ये भिंती, ३ लाख. जानेवारीत लिंटल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची पट्टी) आणि स्लॅब, ४ लाख. फेब्रुवारीत वरचा लोखंडी सांगाडा आणि कौलं, ३ लाख. मार्चमध्ये वायरिंग, नळ आणि गिलावा, ३. एप्रिलमध्ये फरशी आणि दारं-खिडक्या, ३. मे महिन्यात रंग आणि किरकोळ, २ लाख. (पडवीचे पैसे वेगळ्या वहीत, नाहीतर सगळं बिघडतं.) महिनाअखेरची बेरीज धरत गेलात तर २, ५, ९, १२, १५, १८, २०. ही झाली प्लॅन्ड व्हॅल्यू, म्हणजे कुठल्या तारखेला किती रुपयांचं काम झालेलं असायला हवं.

फेब्रुवारी संपला. चार महिने झाले. बाबांच्या वहीत खर्च ११ लाख. बाबा खूश, म्हणाले प्लॅनप्रमाणे १२ लाखांचं काम व्हायला हवं होतं आणि ११ गेलेत, म्हणजे जवळजवळ वेळेवर आहोत आणि वर लाख वाचले! ही जी चूक आहे ना ती मी मोठमोठ्या कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये पण बघितलीय. पैसे गेले म्हणजे काम झालं असं नसतं. खर्च हा दुसरा आकडा. तिसरा आकडा म्हणजे जागेवर उभं राहून बघायचं, काय पूर्ण झालंय आणि प्लॅनमध्ये त्याची किंमत काय लावली होती. पाया झाला, २. भिंती झाल्या, ३. लिंटल झालं आणि स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, नुसतं ठोकून झालंय, तिथे चारपैकी २ दिले. एकूण ७, हीच ती कमावलेली किंमत. म्हणजे १२ लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं ७ लाखांचं, आणि गेले ११.

अर्धवट कामाला किती मार्क द्यायचे यावर आधीच नियम ठरवून ठेवायचा, नाहीतर नव्वद टक्के परत मागच्या दाराने घरात शिरतात. एक नियम म्हणजे पूर्ण झालं तरच सगळे मार्क, नाहीतर शून्य, हा छोट्या कामांना बरा. दुसरा नियम, सुरू झालं की अर्धे आणि संपलं की उरलेले अर्धे. मी स्लॅबला तो लावला. चर्चा बंद.

आता ७ ला १२ ने भागलं की ०.५८ येतात, याला एसपीआय म्हणतात, एकच्या खाली म्हणजे मागे. ७ ला खर्चाने भागलं की सीपीआय. इथे मात्र जरा थांबा, ११ लाखांत २ लाख सुताराला सागवानासाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स होता, ते लाकूड अजून वखारीत. ते काढले तर झालेल्या कामाचा खर्च ९, आणि ७ भागिले ९ म्हणजे ०.७८. याच चालीने गेलं तर २० लाखांचं घर २० भागिले ०.७८, म्हणजे पंचवीस-सव्वीस लाखाला पडणार. अ‍ॅडव्हान्स न काढता केलं असतं तर एकतीस लाख आले असते आणि बाबांना चक्कर आली असती. फॉर्म्युला साधा असतो, आत घालायचा आकडा साफ करण्यातच सगळी मेहनत.

खरी गंमत तारखेची आहे. एसपीआय ०.५८ म्हणजे काय, किती महिने लेट? ते त्यातून कळत नाही, कारण तो रुपयाला रुपयाने भागतोय, त्यात कॅलेंडर कुठे आहे? आणि त्याहून मोठी गडबड म्हणजे घर कधी ना कधी पूर्ण होणारच, त्या दिवशी झालेलं काम २० लाखांचं आणि प्लॅन पण २० लाखांचा, भागाकार बरोबर १. पाच महिने उशिरा का होईना, शेवटी एसपीआय एक येणार म्हणजे येणार. शेवटच्या टप्प्यात तर प्रोजेक्ट बुडत असतो आणि हा आकडा हळूहळू सुधारत जातो, बघणाऱ्याला वाटतं वा, सावरलं. वॉल्ट लिपके नावाच्या माणसाने २००३ मध्ये यावर एक सोपी युक्ती मांडली, अर्न्ड शेड्युल. इतकी सोपी की आधी कोणाला का सुचली नाही असं वाटतं.

युक्ती अशी. आज माझं काम ७ लाखांचं झालंय. प्लॅनमध्ये ७ लाख कधी गाठायचे होते? वरची बेरीज बघा, डिसेंबरअखेर ५, जानेवारीअखेर ९. म्हणजे ७ बरोबर मधोमध, जानेवारीच्या मध्यावर. सुरुवातीपासून अडीच महिने. मी चार महिने घालवून प्लॅनमधल्या अडीच महिन्यांच्या जागेवर उभा आहे. दीड महिना मागे, विषय संपला, हे बाबांनाही कळलं. आता २.५ भागिले ४ म्हणजे ०.६२५, हा माझा वेग, प्लॅनमधला एक महिना कापायला मला दीड महिन्याच्या वर लागतोय. पूर्ण प्लॅन सात महिन्यांचा, ७ भागिले ०.६२५ म्हणजे ११.२ महिने. १ नोव्हेंबरपासून मोजा, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. त्या वर्षी गणपती होते सप्टेंबरच्या सुरुवातीला.

मी मेस्त्रींना फोन लावला. "काळजी करू नको, गणपती नव्या घरातच बसतलो!" म्हणाले. मी म्हटलं माणसं वाढवा. तर म्हणाले, "आंब्याचो सीझन इलो, माणसा खंय गावतत?" हे खरं होतं, एप्रिल-मेमध्ये ज्याला झाडावर चढता येतं तो बागेत, ज्याला येत नाही तो पेट्या भरतोय.

आणि माणसं मिळाली असती तरी काय मोठा फरक पडला असता, यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगतो, क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास ड्युपाँट या केमिकल कंपनीत आणि वर्षभरात अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात जवळपास एकाच वेळी ही पद्धत निघाली. कल्पना एवढीच की सगळी कामं सारखी महत्त्वाची नसतात. कुठलं काम कुठल्या कामासाठी थांबलंय याची साखळी काढा, आणि त्यातली सगळ्यात लांब साखळी म्हणजे तुमच्या प्रोजेक्टची तारीख. आमच्याकडे साखळी होती स्लॅब, मग त्याला पाणी मारणं, मग खालचे टेकू काढणं, मग वरचा सांगाडा, कौलं, मग आत गिलावा, फरशी, रंग. सुतार बाजूला दारं बनवतोय, शोषखड्डा मागे खणला जातोय, ते दोन आठवडे लेट झाले तरी घराला काही फरक नाही, त्यांच्याकडे सवड आहे, तिला फ्लोट म्हणतात. बाबा मात्र रोज शोषखड्ड्यावरून माणसांना ओरडत होते, कारण तो डोळ्यासमोर होता.

स्लॅबच्या साखळीत माणसं घालून उपयोग नाही. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवायचं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) सात दिवस आणि मोठ्या गाळ्याला चौदा, असं आयएस ४५६ नावाचं आपलं स्टँडर्ड सांगतं, आमचे मेस्त्री तर एकवीस दिवस हात लावू देत नाहीत. दहा माणसं आणा की पन्नास, सिमेंट आपल्या वेळेनेच घट्ट होणार. आयबीएमच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये यापुढची गोष्ट लिहून ठेवलीय, लेट झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसं वाढवली की ते आणखी लेट होतं, कारण जुनी माणसं काम सोडून नव्यांना शिकवत बसतात. गिलाव्याला चार गवंडी वाढवले तर तसं होत नाही, खोल्या वेगळ्या आहेत. पण वायरिंग अर्धं झाल्यावर दुसरा वायरमन आणून बघा, पहिले दोन दिवस तो आधीच्याला नावं ठेवण्यात घालवतो.

आता यात कोकणचा मसाला घाला. तो ११.२ महिन्यांचा हिशोब असं धरून चालतो की वेग सगळे महिने सारखा. पण जूनच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत पाऊस लागतो, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे छत्री घेऊन काम करता येईल असला नाही. चिरेखाणी बंद, बाहेरचं काम बंद, जुलैत लावणीला सगळी माणसं शेतात. म्हणजे कौलं मे अखेर चढली तर पावसात आतलं काम रडतखडत का होईना चालू राहणार. आणि कौलं चढायला पंधरा दिवस उशीर झाला तर? तर पंधरा दिवस नाही, चार महिने उशीर, दसऱ्यानंतर भेटा. ही उडी कुठल्याच भागाकारात दिसत नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीला आम्ही "गणपतीच्या आधी घर" हा जप बंद केला आणि एकच तारीख भिंतीवर लिहिली, ३१ मे, कौलं. सुताराला सांगितलं निवांत कर. शोषखड्ड्यावरची दोन माणसं उचलून सेंट्रिंगवर घातली, बाबांचा विरोध पत्करून. तुमच्या कामात पण असा एखादा जून असतो बघा, कंपन्यांत मार्च एंड असतो, शाळेच्या इमारतीला शाळा सुरू व्हायचा दिवस असतो, मच्छीमाराच्या होडीच्या डागडुजीला १ ऑगस्ट, बंदी उठायच्या आधी होडी पाण्यात जायला तयार नसेल तर सीझनची सुरुवातच गेली. आधी तो जून शोधायचा.

अंदाज का चुकतो यावर थोडं, कारण इथे आपण सगळे सारखेच येडे आहोत. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे लोकांचा सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा खऱ्यापेक्षा गोड होता. कारण आपण आपल्याच घराची गोष्ट मनात रंगवतो, पाया, भिंत, स्लॅब, आणि त्या गोष्टीत कोणाला ताप येत नाही, वाळूची गाडी अडत नाही.

यावरचा उपाय लाजिरवाणा सोपा आहे. आपलं घर विसरायचं आणि शेजाऱ्यांची मोजायची. आमच्या वाडीत मागच्या काही वर्षांत अशीच सहा घरं झाली, सगळ्यांना सात-आठ महिने सांगितलेले. मी काकीला बसवून आठवून आठवून विचारलं, कोणाची वास्तुशांत कधी झाली ते तिला पंगतीच्या मेनूसकट पाठ असतं. निघाले ९, १०, १२, १३, १३ आणि १९ महिने. (एकोणीसवाल्यांच्यात भावाभावांत सातबाऱ्यावरून वाद झाला होता.) हा आकडा कामाच्या पहिल्या दिवशीच माझ्याकडे असायला हवा होता! सहापैकी चार घरांना बारा किंवा जास्त महिने, आणि मी साक्षात शेड्युलवाला सात महिन्यांचा चार्ट घेऊन बसलेलो. मोठ्या प्रकल्पांवर बेंट फ्लिवबर्ग या अभ्यासकाने हेच लावून धरलंय, आधी तुमच्यासारख्या झालेल्या कामांना किती वेळ लागला ते बघा आणि मग तुमचं वेगळं काय ते बोला. आता काकीचे ते सहा आकडे सहा चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाका, एक काढा, नोंद करा, परत टाका, असं हजार वेळा. कॉम्प्युटरवर याला मॉन्टे कार्लो म्हणतात, आत मडकंच असतं. त्यातून एक तारीख मिळत नाही, "बारा महिन्यांत व्हायची शक्यता अर्धी" असं वाक्य मिळतं, आणि खरं तर प्रामाणिक उत्तर हे एवढंच असतं.

कोणी विचारेल तीन अंदाजांचा फॉर्म्युला असतो ना? असतो, तो पण पोलारिसच्याच कामातला. सुताराला विचारलं दारं किती दिवसात, सगळं छान झालं तर २०, नेहमीप्रमाणे ३०, वाईट झालं तर ७०. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा, येतात ३५. बरा आहे, निदान समोरच्याला वाईट दिवसाबद्दल तोंड उघडायला लावतो. पण एक खाच लक्षात ठेवा. समजा फरशीवाला, सुतार आणि वायरमन तिघंही वेळेवर यायची शक्यता ८० टक्के. प्रत्येकाकडे बघून वाटतं भरवशाचा माणूस आहे. पण रंगवाल्याला तिघंही संपलेले हवेत, आणि ०.८ ला ०.८ ने दोनदा गुणलं की ०.५१, म्हणजे छापा-काटा. तीन भरवशाची माणसं मिळून एक बेभरवशाची तारीख तयार होते. मला विचाराल तर अर्धे प्रोजेक्ट इथेच मरतात, आणि दोष मात्र शेवटी आलेल्या रंगवाल्याला.

मोठ्या कामाचं उदाहरण हवं असेल तर आपली कोकण रेल्वे. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर, १९९० मध्ये काम सुरू, ई. श्रीधरन प्रमुख, टार्गेट पाच वर्षांचं. दक्षिणेकडचा ठोकूर-उडुपी तुकडा १९९३ मध्येच चालू झाला, पुढे एकेक तुकडा तयार होईल तसा उघडत गेले. पण मुंबईहून मंगळूरला सलग जायला २६ जानेवारी १९९८ उजाडला, कारण गोव्याकडच्या मऊ मातीतले बोगदे. उत्तरेकडच्या कातळातून बोगदा खणणं परवडलं, पण ही माती ओली झाली की आतून पाझरायची, खणलेलं परत भरायचं, त्यात पेडणेचा बोगदा तर सगळ्यांच्या शेवटी हाती लागला. आता तुम्ही किलोमीटरमध्ये प्रगती मोजली असती तर रूळ भराभर पडताना दिसले असते, ९५ टक्के, ९७ टक्के, आणि गाडी मात्र त्या एका बोगद्याच्या तोंडाशी उभी. सलग रेल्वेसाठी क्रिटिकल पाथ म्हणजे तेवढी दीड-एक किलोमीटरची चिखलमाती. तरी आठ वर्षांत तो डोंगर-नद्यांचा मार्ग उभा राहिला हे कौतुकाचंच, विशेषतः २०११ ला सुरू झालेलं मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण आणि त्याची दर गणपतीआधी येणारी नवी तारीख बघितल्यावर. त्याबद्दल चाकरमान्यांना मी काय वेगळं सांगू.

आमच्या घराचं काय झालं? स्लॅब मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पडला, मग शिमगा आला आणि पालखी गावात फिरते तेवढे दिवस कोणी कामाचं नावही काढलं नाही, पण ते बरंच झालं, स्लॅबला पाणी मारायला एक माणूस पुरतो. कौलं चढली २९ मेला. काकीच्या मुलीने फणसाखालचा फोटो पाठवला त्यात वरच्या ओळीतली शेवटची चार कौलं तिरकी दिसत होती, मी फोन करून विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "फोटो तिरको काढल्यान असा." मी गावी गेलो तेव्हा बघितलं, कौलंच तिरकी होती.

मे अखेर परत हिशोब केला. झालेलं काम १२ लाखांचं, प्लॅनमधली जागा चार महिने, गेलेले महिने सात. ४ भागिले ७ म्हणजे ०.५७, वेग फेब्रुवारीपेक्षा पण कमी झालेला, आंबे आणि शिमगा. ७ भागिले ०.५७, सव्वाबारा महिने, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. मी हा आकडा बाबांना जूनमध्येच सांगून टाकला. त्यांनी तीन दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, पण मग वास्तुशांतीचा हॉलवाला, भटजी, मुंबईची तिकिटं, सगळं दिवाळीनंतरचं धरलं, आणि फुकटची धावपळ वाचली. गणपती मात्र नव्या घरातच बसले, मेस्त्रींनी शब्द पाळला. भिंतींना गिलावा होता, खाली नुसता कोबा, खिडक्यांना झडपा नाहीत म्हणून ताडपत्री, आणि आरतीला झांज वाजवताना मेस्त्री माझ्याकडे बघून हसत होते.

शेवटचा हात रंगाचा फिरला नोव्हेंबर अखेरीस, अनंत अडचणी पार करून सुताराच्या दारांसकट. तेरा महिने. माझ्या शीटमध्ये त्या दिवशी एसपीआयच्या खान्यात हिरव्या रंगात १.०० आलं, ते बघून बाबा म्हणाले, "म्हणजे वेळेवर झालं की रे!"

आता चुलतभाऊ घर काढतोय, तेच मेस्त्री, आणि त्याला सांगितलंय सात महिने. मी त्याला काकीकडे पाठवलाय मडक्यातल्या चिठ्ठ्या बघायला. आता सात आहेत, आमची तेराची धरून.